इगतपुरीत बर्फ

खुर्ची रिकामी होती. लॅपटॉपवर गाडी बोगद्याच्या तोंडाशी उभी होती आणि बर्फाचे कण हवेत जिथल्या तिथे लटकून राहिले होते. आतला पंखा मात्र जात्यात खडे पडल्यासारखा घरघरत होता.

"अहो," मी हाक मारली.

मी गच्चीवर वाळत घातलेले बिबडे, आमचे ज्वारीचे पापड, उलटायला गेले होते, ती नुकतीच खाली आले होते. मे महिन्यातलं भुसावळ, भर दुपार. अशा वेळी कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. मी मोरीत बघितलं, मागच्या पडवीत बघितलं. पलंगाखाली वाकून बघितलं, कारण एकदा ते तिथे सापडले होते, पलंगाचे पाय ठोकून बघत. चाकं तपासतोय म्हणाले.

मग पुढचं दार दिसलं. सताड उघडं. वरची कडी मी स्वतः लावून गेले होते. आता तिच्या बरोबर खाली लाकडी स्टूल होतं.



आमचे हे म्हणजे लीलाधर भंगाळे, रेल्वेत डायवर होते. मालगाडी चालवली, पॅसेंजर चालवली, शेवटी मेल चालवली. रिटायर झाल्यावर काही वर्षांनी त्यांच्या डोक्यातली माणसं एकेक करून उतरायला लागली, स्टेशनं येतील तशी. आधी शेजारपाजार उतरला, मग जावई, मग एके दिवशी मीही उतरले. रेल्वेचा नियम मात्र एकही उतरला नाही. रोज दुपारी दाराशी जाऊन उभे राहायचे आणि विचारायचे, "कॉल आला का?" पूर्वी ड्यूटीचा कॉल घेऊन घरी माणूस यायचा, त्याची वाट बघायचे. कॉल यायचा नाही. मग हात थरथरायला लागायचे, ताट पुढे तसंच राहायचं.

ते बघून माझ्या लेकीची लेक, हेमांगी, तिचा जुना लॅपटॉप घेऊन आली.

"आजी, ह्यात विंडोज नाही हं," ती म्हणाली. "मशीन म्हातारं झालंय, त्याला ते झेपेना. मी लिनक्स टाकलंय."

"बरं मग?"

"आबांसाठी आगगाडी चालवायचा गेम मिळालाय, पण तो विंडोजचा. म्हणून मधे एक दुभाष्या बसवलाय. गेम विचारतो, हे विंडोजच ना? दुभाष्या म्हणतो, हो. गेम विचारतो, माझा सी ड्राइव्ह कुठंय? दुभाष्या एक साधा फोल्डर पुढे करतो. म्हणतो, हा काय."

"म्हणजे थापा मारतो."

"थापा नाही गं..."

"बिचाऱ्या गेमला वाटतं आपण आपल्याच घरी आहोत. थापाच त्या. मला आवडला तुझा दुभाष्या."

"आवडणारच," हेमांगी म्हणाली. "तुझ्याच कुळातला आहे."

ते काही खोटं नव्हतं. मला साधी गोष्ट साधी सांगता येत नाही. मी कोथिंबीर आणायला गेले तरी वाटेत निदान एक नाग आडवा जातो, आणि तो फणा काढल्याशिवाय राहत नाही.

हेमांगीनं माझ्याच टिकल्या घेऊन बटणांवर चिकटवल्या. हिरवी टिकली दाबली की गाडी पळणार, लाल दाबली की ब्रेक. लॅपटॉप तापायचा फार, म्हणून खाली माझी पिठाची चाळणी पालथी घातली, हवा खेळायला. हे खुर्चीत बसले. समोर पांढरे डोंगर होते, कुठल्यातरी परदेशातले, आणि भुरभुर बर्फ.

"इगतपुरीला बर्फ पडलाय," हे म्हणाले.

"यंदा जास्तच आहे," मी म्हटलं.

त्यांनी हिरवी टिकली दाबली आणि गाडी निघाली. काय सांगू, पाठ ताठ झाली त्यांची. पण पहिला सिग्नल आला आणि त्यांनी ब्रेक मारला.

"रमजान, सिग्नल बघ."

रमजान त्यांचा असिस्टंट, इंजिनवर कितीतरी वर्षं शेजारी उभा राहिलेला. मी इकडेतिकडे बघितलं. घरात हेमांगी आणि मी, दोघीच होतो.

रेल्वेत अशी रीत आहे की सिग्नल नुसता बघून चालत नाही. डायवर आणि असिस्टंट, दोघांनी त्याच्याकडे हात करून मोठ्यानं रंग बोलायचा. एक म्हणाला हिरवा, की दुसऱ्यानं बघून म्हणायचं हिरवा. दोघांचं जुळलं तर गाडी पुढे. आमचे हे झोपेतसुद्धा हात वर करून रंग सांगायचे, आणि मी अर्धवट झोपेत तो परत म्हणायची, नाहीतर त्यांना पुढची झोप लागायची नाही.

पण ह्या गेममध्ये खांब होता नि दिवाच नव्हता. दिव्याच्या जागी काळं भोक.

"ह्यातलं चित्रांचं कार्ड जुनं आहे, आजी," हेमांगी म्हणाली. "दुभाष्याला सगळंच जमत नाही. दिवे नाही लागायचे."

आणि नियम असा आहे, की ज्या सिग्नलला दिवा नाही तो लाल समजायचा. झालं. हे बसून राहिले. हेमांगी जळगावला परत गेली, संध्याकाळ झाली, जेवण गार झालं, तरी ह्यांची गाडी हलेना. "लेट होतेय, रमजान," म्हणायचे, आणि डोळ्यांत पाणी. शेवटी मी त्यांच्या खांद्याशी उभी राहिले, त्या काळ्या भोकाकडे हात केला आणि म्हटलं, "हिरवा."

ते बराच वेळ बघत राहिले. मग हात वर केला. "हिरवा."

त्या दिवशी तीन भाकरी खाल्ल्या त्यांनी.

तेव्हापासून मी रमजान झाले. रोज दुपारी हिरवा, हिरवा, हिरवा. मग माझी जीभ सुटली. "साहेब, भादलीजवळ बिबट्या बसलाय रुळावर." "हॉर्न दे." "साहेब, मागच्या डब्यात वरात चढलीय, घोड्यासकट." "घोड्याचं तिकीट बघ." अशी दोन वर्षं गेली. मजेत गेली असं म्हटलं तर माझंच मला खोटं वाटणार नाही.

आणि आज खुर्ची रिकामी होती.

लॅपटॉपला हात लावला तर तव्यासारखा तापलेला. तेव्हा ध्यानात आलं. सकाळी बिबड्यांचं पीठ चाळायला चाळणी मीच काढून घेतली होती. खालून हवा मिळाली नाही, लॅपटॉप तापून अडकला, आणि ह्यांची गाडी दोन स्टेशनांच्या मधे बंद पडली.

मी ओट्याकडे वळले. मसाल्याचा डबा उघडा. मोहरी, जिरं, हळद, तिखट, सगळं ओट्यावर ओतलेलं आणि आतल्या चार वाट्या नाहीत. खुंटीवरचा लाल टॉवेल नाही.

तेव्हा मात्र कळलं, हे कशाला बाहेर पडलेत.

डायवरच्या बायकोला हे सांगावं लागत नाही. गाडी मधेच बंद पडली, तर त्याच लायनीवर दुसरी गाडी येऊन आदळू नये म्हणून माणूस चालत पुढे पाठवतात. त्याच्या हातात लाल झेंडा असतो आणि फटाके. फटाके म्हणजे दिवाळीचे नाहीत. चपट्या डब्या असतात, वाटीएवढ्या. त्या रुळावर बांधायच्या, म्हणजे येणाऱ्या गाडीच्या चाकाखाली फुटतात आणि डायवर आवाज ऐकून गाडी थांबवतो. आधी एक लावायचा. मग बरंच पुढे जाऊन तीन. आणि तिथे झेंडा धरून उभं राहायचं. हललं तर नोकरी गेली.

हे काम असिस्टंटचं. पण रमजान गच्चीवर बिबडे उलटत होता. म्हणून साहेब स्वतः गेले होते.

आमच्या गल्लीच्या टोकाला बाभळी आहेत, मग भिंतीला पडलेलं खिंडार, आणि त्याच्या पलीकडे खरी लाइन.

मी सुलोचना फिरकेचं दार बडवलं. ती कूलरपुढून उठून आली, डोळे चोळत.

"सुलोचना, हे लायनीवर गेलेत. स्टेशनात फोन लाव, गाड्या थांबवायला सांग."

"परवा तर घोड्यावर बसून वरातीत गेले होते ना?"

"आज खरं सांगतेय गं."

"परवाही असंच म्हणालीस," ती हसली. "ऊन लागेल वैनी, घरी जा. चहाला येते मी." आणि दार लोटून घेतलं.

पुन्हा बडवायला वेळ नव्हता. मी बाभळींकडे पळाले. पळाले कसली, ह्या गुडघ्यांनी जेवढं होतं तेवढं. खिंडारातून पलीकडे उतरले तर खडी पायाखाली सरकायला लागली आणि एक चप्पल तिथेच राहिली.

रूळ दोन्हीकडे लांबपर्यंत नुसते चमकत होते. माणूस कुठे दिसेना. डावीकडे जायचं की उजवीकडे? चुकले असते तर संपलंच होतं. मी देवाचं नाव घ्यायला तोंड उघडलं आणि समोरच रुळावर वाटी दिसली. पालथी, कडेला हळद लागलेली. पलीकडच्या लाइनवर. उजव्या हाताला खडीवर पिवळट ठसे गेलेले होते.

एक फटाका इथे. म्हणजे तीन पुढे.

मी ठशांवरून निघाले. उन्हानं डोळ्यांपुढे सगळं पाण्यासारखं हलत होतं. जाताना कानांनी सारखा एकच आवाज शोधत होते. गाडीचा; नसला तरी तो मला ऐकू येत होता. दोनदा मागे वळून बघितलं, दोन्ही वेळा काही नव्हतं. एक सिग्नलचा खांब लागला, त्याची माझ्याकडे पाठ होती. त्याच्या पुढे लाइन वळणात जाते, आणि वळणाच्या तोंडाशी हे उभे होते. दोन रुळांच्या बरोबर मधे, वळणाकडे तोंड करून, हात आडवा धरून, हातात लाल टॉवेल. पायाशी रुळावर तीन वाट्या मांडलेल्या.

मी वळसा घालून त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. त्यांचं तोंड लालभडक झालं होतं, ओठ फुटले होते, पण हात जरासुद्धा खाली आला नव्हता.

"साहेब," मी म्हटलं, "चला. गाडी सुरू झाली."

"कोण?"

"रमजान."

"रमजान, तू इंजिन सोडून आलास?" त्यांचा आवाज असा चढला की मी मागे सरकले. "चालू इंजिन एकटं सोडलंस?"

"नाही साहेब, दुसरा डायवर आला, त्याच्या ताब्यात दिलं."

"नाव काय त्याचं?"

"मोरे."

"ह्या सेक्शनात मोरे नाही."

"मदतीला इंजिन आलंय मागून. गाडी ओढून नेली त्यांनी."

"मग शिट्टी का नाही झाली? मला परत बोलवायची लांब शिट्टी द्यावी लागते. मी बहिरा आहे का?"

"साहेब, कंट्रोलचा निरोप आहे..."

"लेखी आण."

मी आयुष्यात इतक्या थापा मारल्या, पण एवढ्या घाईघाईनं कधी नाही, आणि एकही लागू पडेना. हात धरून ओढलं तर त्यांनी मला झिडकारलं. अजून ताकद होती त्या हातात. मी रडायला लागले. "अहो, चला ना घरी," म्हटलं. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. त्यांचे डोळे माझ्या डोक्यावरून वळणावर लागलेले.

आणि मग रूळ बोलायला लागले.

ज्यांची घरं लाइनीला लागून आहेत त्यांना हा आवाज माहीत असतो. आधी बारीक, डास गुणगुणल्यासारखा. अजून गाडी दिसत नाही, हॉर्न नाही, पण लोखंडाला कळलेलं असतं. माझ्या अनवाणी पायाला ते लागलं.

मी ह्यांच्या मागे बघितलं. मघाशी जो खांब माझ्याकडे पाठ करून उभा होता, त्याचं तोंड आता मला दिसत होतं. लाल होतं. मी बघत असतानाच तो हिरवा झाला.

काय बोलायचं ते मी ठरवलं नव्हतं. हात आपोआप वर गेला.

"सिग्नल हिरवा," मी ओरडले.

त्यांचा हात आडवाच. मला वाटलं, आता कशाला विश्वास ठेवतील, दोन वर्षं ह्याच तोंडानं काळ्या भोकांना हिरवं म्हटलंय.

"साहेब, सिग्नल हिरवा."

ते वळले. सावकाश, पूर्ण वळले. कपाळावर हात धरून खांबाकडे बघितलं. रूळ आता चांगलेच वाजत होते. त्यांनी लाल टॉवेल डाव्या हातात घेतला, उजवा हात वर केला, बोट दाखवलं.

"हिरवा," ते म्हणाले.

मग टॉवेलकडे बघितलं, परत सिग्नलकडे बघितलं. "हिरवा म्हणजे पुढची लाइन मोकळी," स्वतःशीच म्हणाले. "लाइन मोकळी, म्हणजे आपली गाडी आत नाही."

"नाही, साहेब."

"मग आपली गाडी कुठंय, रमजान?"

वळणाच्या आडून हॉर्न वाजला. मला हलताच येईना. डोळे मिटले.

दंडाला हिसका बसला. खडीवर फरफटत आम्ही दोघं उतारावर गेलो आणि डोक्यावरून सगळं जग धडधडत गेलं. धूळ, गरम वारा, खिडक्या, आणि चाकांखाली टक, टक, टक. मी मातीत तोंड खुपसून पडले होते. ह्यांचा हात माझ्या पाठीवर होता, दाबून धरलेला.

गाडी गेल्यावर ते उठले, कपडे झटकले आणि माझ्यावर उखडले.

"बाई, अक्कल आहे का? रुळावर फिरायला येतात का? घरी कोणी नाही का तुमचं?"

"आहे," मी म्हटलं.

"त्याला सांगा, लक्ष ठेव म्हणावं." मग त्यांनी रुळावरच्या वाट्या बघितल्या. नाण्यासारख्या चपट्या झाल्या होत्या. त्यातली एक उचलली, कानाशी धरली. "फटाके वाजले नाहीत."

"ओले झाले असतील."

"मे महिन्यात?"

ते पुढे निघाले, मी मागून. खिंडारापाशी माझी चप्पल पडली होती, ती त्यांनी पायानं सरळ करून ठेवली.

"तुम्ही कुठे राहता, बाई?"

"तुमच्याच वाटेवर."

"मग चला. सोडतो."

संध्याकाळी सुलोचना चहाला आली. "सापडले का डायवरसाहेब?" म्हणाली. तिला मी सांगितलं, सापडले, मी पदर हलवून आख्खी मेल थांबवली, गार्ड येऊन माझ्या पाया पडला. "काहीतरीच बाई तुझं," म्हणून ती पोट धरून हसली आणि दोन कप चहा पिऊन गेली. गल्लीत अजून ती गोष्ट तशीच सांगतात. मीही तशीच सांगते.

ती गेल्यावर मी चाळणी धुतली, पुसली, लॅपटॉपखाली पालथी घातली. तो गार झाला होता. हेमांगीनं शिकवलं होतं तसं बंद करून चालू केला. दुभाष्यानं गेमला घरी आहेस म्हणून सांगितलं, गेमनं ऐकलं, आणि पांढरे डोंगर वर आले. हे खुर्चीत येऊन बसले. उन्हानं नाकाचं साल गेलं होतं. हिरवी टिकली दाबली. गाडी निघाली, पहिला सिग्नल आला, गाडी थांबली.

"रमजान, सिग्नल."

मी त्यांच्या खांद्याशी उभी राहिले. हात वर केला. काळं भोक तसंच होतं. तोंडात हिरवा आला होता, अगदी ओठांवर. माझी पाठ अजून तिथे दुखत होती, जिथे त्यांनी हात दाबून धरला होता.

"दिवा नाही," मी म्हटलं.

नेहमी ते आधी बघायचे, मग बोलायचे. आज बघितलं नाही.

"दिवा नाही," ते म्हणाले, आणि लाल टिकलीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "सांगायला फार उशीर केलास, रमजान."

मी खाली बघितलं. त्यांचे हात थरथरतील म्हणून वाट बघत होते. हात मांडीवर शांत होते.

"आता काय करायचं, साहेब?"

"थांबायचं."

"किती वेळ?"

"दिवा लागेपर्यंत. दुसरं काय." त्यांनी इकडेतिकडे बघितलं. दाराशी ते लाकडी स्टूल तसंच पडलेलं होतं. उठले, ते उचलून आणलं, आणि खुर्चीला लावून ठेवलं. "उभा किती राहशील. बस."

मी बसले. इगतपुरीला बर्फ पडत होता.